माझ्या वाट्याचा मांडा

मला माझ्या धाकट्या बहिणीच्या स्वादुपिंडाचा हेवा वाटतो. लोकांना बहिणीच्या दागिन्यांचा वाटतो, सासरच्या घराचा वाटतो, नवऱ्याचा वाटतो. दागिने तिच्यापेक्षा माझ्याकडे जास्त आहेत आणि तिचा नवरा घोरतो हे तिनंच मला सांगितलंय. पण तिच्या पोटात तो जो वीतभर अवयव आहे, तो अजून थोडंफार इन्सुलिन तयार करतो. माझा मी अकरा वर्षांची असताना बसला तो बसलाच.

तेव्हापासून मी बाहेरून इन्सुलिन टोचून घेते. टाइप वन. त्याबद्दल मी फारशी कुरकुर केली नाही. जेवणाआधी हात धुतात, तसं मी टोचते. जळगावात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, दिवसभर सुईशीच गाठ, तर सुईचं काय भय बाळगायचं. पण चाळिशी जवळ आली तशी नवीनच भानगड सुरू झाली. कमरेवर चरबी चढली, मानेमागे काळसर पट्टा उमटला, आणि आधी जेवढ्या इन्सुलिनमध्ये आरामात भागायचं तेवढं घेतलं तरी साखर जागची हलेना. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. म्हणाल्या, तुमचं शरीर आता इन्सुलिनला जुमानत नाही, याला रेझिस्टन्स म्हणतात. हे एरवी टाइप टूवाल्यांचं दुखणं, तुम्हाला दोन्ही आहेत. म्हणजे घरात तयार होत नाही आणि बाहेरून आणलं तर अंग त्याचं ऐकत नाही. एक गोळी वाढली, चालणं वाढलं आणि इन्सुलिन तर जवळजवळ दुप्पट झालं. माझं काय चुकलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, काही नाही हो, असं होतं काहींचं. या उत्तराचा मला इतका राग आला की मी रिक्षा करून घरी आले. चालत जा म्हणून त्यांनी नुकतंच सांगितलं होतं.

आता धाकटीचं ऐका. तिला पस्तिशीत शुगर निघाली, टाइप टू. बातमी कळताच माय, म्हणजे आमची आई, धुळ्याहून एरंडोलला तिच्या सासरी जाऊन आठवडाभर राहिली. धाकटीनं भात सोडला, साखर सोडली, पहाटे उठून पद्मालयाच्या रस्त्यानं झपाझप चालायला लागली. वजन उतरलं, साखर उतरली, आणि वर्ष-दीड वर्षात तिच्या डॉक्टरांनी गोळ्यासुद्धा बंद केल्या. मग काय विचारता. सगळ्या नात्यागोत्यानं तिला डोक्यावर घेतलं. लग्नकार्यात बायका तिला कोपऱ्यात घेऊन विचारतात, तू नेमकं काय केलंस. आणि ती सांगते, अगदी गोड आवाजात सांगते. नंतर त्या माझ्याकडे वळतात आणि म्हणतात, बघ, मनावर घेतलं तर होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अगं बायांनो, तिनं मनावर घेतलं कारण तिच्याकडे घेण्यासारखं काही शिल्लक होतं. मी उद्या मनावर घेऊन इन्सुलिन सोडलं तर दोन-तीन दिवसांत मला उचलून दवाखान्यात न्यावं लागेल. हे मी शंभरदा सांगितलंय. लोक मान डोलावतात आणि कारल्याचा रस सुचवतात.

गेल्या आखाजीची गोष्ट. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. केस पांढरे झालेल्या लेकीसुद्धा येतात. मी जळगावहून धुळ्याच्या बसमध्ये बसले, शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ती धाकटीसाठी धरली. इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, कारण आमच्याकडच्या उन्हात ते खराब होतं. एरंडोलला धाकटी चढली. लगबगीनं आली, बसली, मला बिलगली, आणि पिशवीतून ब्लाउजचा गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, सगळे ढगळ झालेत अक्का, जरा आत घेऊन देशील का.

मी त्याच महिन्यात माझे स्वतःचे ब्लाउज उसवून बाहेर सोडले होते. शिवणीत जेवढं कापड होतं तेवढं सगळं संपलं होतं. तो गठ्ठा खिडकीतून पारोळ्याच्या रस्त्यावर भिरकावून द्यावा असं मनात आलं. देते की, असं म्हणाले आणि पिशवीत कोंबला.

पण त्या आखाजीला मी एक गोष्ट ठरवून निघाले होते. मला मायच्या हातचा मांडा खायचा होता. खापरावरची पुरणपोळी, तिला आम्ही मांडा म्हणतो. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत, झेलत, कोपरापर्यंत लांबवायचा आणि पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायचा. आंब्याच्या रसात बुडवून खायचा. देवपुरात आमच्या गल्लीत मायसारखा मांडा कुणाला जमत नाही, आणि माझा आजार निघाल्यापासून तिनं तो माझ्या ताटात एकदाही वाढलेला नाही. बाकी सगळे मांडा आणि रस ओरपायचे, माझ्यापुढे ज्वारीची भाकरी, तिखट आमटीसारखी रशी आणि कुरडईचा एक तुकडा. लग्न झाल्यावरही तेच. इन्सुलिन बदललं, पेन आलं, खाण्याप्रमाणे हिशोबानं घेऊन माणूस बेतानं गोडही खाऊ शकतो अशी सोय झाली. जळगावात मी कधीमधी खातेही. माहेरी मात्र माझं ताट तेच राहिलं.

आणि आता वेळ उरली नव्हती. मायचा उजवा खांदा आखडला होता, हात डोक्यावर जात नव्हता. तिनं फोनवर सांगून टाकलं होतं की ही शेवटची आखाजी, पुढच्या वर्षापासून मांडे विकत आणायचे. म्हणून मी आधीच डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, एक खा, किती घ्यायचं ते मी सांगते, पण तुमचं अंग दाद देत नाही, म्हणून जेवणाच्या वीसेक मिनिटं आधी टोचा, आणि मग जेवायला उशीर करू नका. घरी पोहोचताच मी मायला सांगितलं की या वर्षी मी एक मांडा खाणार आहे, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. तिनं पदराला हात पुसले आणि बघू म्हणाली. मी ते हो समजले.

मायचं आणि माझ्या इन्सुलिनचं जुनं नातं आहे. लहानपणी तीच मला टोचायची. तेव्हा सिरिंज असायची, तिच्यावर बारीक रेघा. सुरुवातीच्या काही महिन्यांत लागणाऱ्या इन्सुलिनच्या रेघा कमी कमी होत गेल्या. या आजारात सुरुवातीला काहींचं तसं होतं, पण मायला वाटलं पोर बरी होतेय. तिनं पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलून ठेवला. मग रेघा पुन्हा चढल्या. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं की रेघा उतरल्या म्हणजे पोर शहाणी आणि चढल्या म्हणजे पोर कुठेतरी चोरून खातेय. म्हणून इन्सुलिन दुप्पट झाल्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं. काय सांगणार, धाकटीचं औषध शून्यावर आलं आणि माझं चढत चाललंय?

आखाजीच्या सकाळी मायनं आधी आबांची घागर भरली. आबा म्हणजे आमचे वडील, त्यांना जाऊन चार वर्षं झाली. पाण्यानं भरलेली मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर आंबा. पितरांचं पान वेगळं वाढतात, त्यात मांडा, रस, भजी, सगळं. आबांनाही म्हातारपणी शुगर होती, जिवंत होते तोवर माय त्यांच्या चहातली साखर मोजायची. गेल्यावर पथ्य संपलं. घागरीपुढे बसलेली असताना मी खरंच मनात म्हटलं, आबा, तुमची मजा आहे. मेलेल्या माणसाचासुद्धा हेवा वाटावा, इतकी मी घसरले होते.

मग मागच्या अंगणात तीन विटांवर खापर चढलं. माय बाजेवर बसून सांगत होती आणि गोळा धाकटीच्या हातात होता. मायला दोन-तीन मांड्यांच्या वर जमणार नव्हतं, म्हणून ती धाकटीला शिकवत होती. कोपर वर घे, बोटं मोकळी सोड, घाबरू नको. मी विचारलं, मी करून बघू का. माय म्हणाली, तू कुरडया तळ. लहानपणीही असंच, जे खायचं नाही ते शिकून काय करायचं म्हणून मला खापराजवळ येऊ दिलं नाही. दिवसभर कापडाशी खेळणारी माझी बोटं, तो गोळा माझ्या हातावर कसा सरसर लांबला असता. धाकटीचा पहिला मांडा भोक पडून विस्तवात गेला. मला बरं वाटलं. दुसरा जमला, तेव्हा मायनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि मी कुरडई करपवली.

मांडे मोजकेच झाले. पानं मांडायला घेतली तशी मी आतल्या खोलीत गेले. पेन काढलं, सुई लावली आणि मागचं बटण फिरवायला लागले. ते फिरवलं की प्रत्येक युनिटाला टक असा आवाज येतो. रेझिस्टन्सवालीला एक मांडा आणि वाटीभर रस म्हणजे थोडी टकटक नव्हे. फिरवतेय, फिरवतेय, संपेचना. मग पोटाला टोचलं, फडक्यात पेन गुंडाळलं आणि बाहेर येऊन माझ्या पाटावर बसले.

सगळ्यांच्या पानांत मांडे होते. माझ्या पानात भाकरी.

माय चुलीपाशीच उभी होती, खोलीची खिडकी तिच्या डोक्यावर. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान अजून तिखट आहेत.

"कितलं घेस तू?" ती म्हणाली. "मी मोजी राहिंती. धाकलीनं बठ्ठं सोडी दिन्हं, तुनं मातर वाढीच राहिनं."

झालं. तिनं बाहेरून एकेक टक मोजली होती, धाकटीनं सगळं सोडलं आणि माझं वाढतंच चाललंय म्हणत होती. माझं बिंग फुटलं, आणि तेही सकाळीच एरंडोलहून आलेल्या धाकटीच्या नवऱ्यासमोर, तिच्या मुलांसमोर. मी म्हणाले की हे खाण्यामुळे नाही वाढलं, अंगच ऐकत नाही, हा वेगळा आजार आहे. माय म्हणाली, तोच आजार धाकटीलाही होता, तिनं कसा घालवला. मग माझा तोल गेला. मी म्हणाले, तुला तीच चांगली आणि मी बिघडलेली, आयुष्यभर मला भाकरीवर बसवलंस, तिला हातावर मांडा झेलायला शिकवलंस आणि मला कुरडया दिल्यास. बरंच बोलले. धाकटीचा नवरा मुलांना घेऊन ओट्यावर गेला.

माय चुलीकडे तोंड करून बसली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. टोचून झालेलं होतं. मांडा आणि रसाच्या हिशोबाचं इन्सुलिन माझ्या अंगात गेलेलं, ते परत काढता येत नाही. त्याला साखर दिली नाही तर ते रक्तातली आहे तेवढी साखर संपवतं आणि माणूस कोसळतो. ताटातली भाकरी त्याला पुरणारी नव्हती, आणि मी तर तिला हातही लावला नव्हता. माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असते, तेव्हाही होती, हाताच्या अंतरावर. मी ती काढली नाही. मला मायच्या हातून हवं होतं. मूर्खपणा म्हणा, पण तेव्हा माझ्यासाठी जगात तेवढीच एक गोष्ट उरली होती.

धाकटीनं आपल्या पानातला मांडा मधोमध मोडला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला. तो तिनं उष्टाही केला नव्हता. मी म्हणाले, तुझा नको. तिचे डोळे भरले. ती माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "अक्का, ती तुझ्यावर चिडलेली नाही. ती घाबरलीय. तिला वाटतं, त्या आखाजीला तिनं खाऊ घातलं म्हणून तुला हे झालं."

मी अकरा वर्षांची असतानाची ती आखाजी मला आठवते ती अर्धीच. मी वाळून काटकी झाले होते, माठातलं पाणी तांब्यावर तांबे पीत होते. मायला वाटलं उन्हाळा लागलाय, पोर वाढतेय. अंगावर मांस चढावं म्हणून तिनं मला समोर बसवून मांडे आणि रस भरवला, नको म्हटलं तरी भरवला. दुसऱ्या दिवशी मी शुद्धीवर नव्हते. दवाखान्यात कुणीतरी तिला विचारलं होतं, काय खायला घातलंत हिला. त्यांनी नुसतं विचारलं होतं. मायनं तो निकाल समजून घेतला आणि इतकी वर्षं सांभाळला. त्यानंतर तिनं स्वतःही मांडा-रस खाल्ला नव्हता. दर आखाजीला ती म्हणायची की करणारीचं पोट वासानंच भरतं, आणि आम्ही हसायचो.

हे सगळं मायनं तुला कधी सांगितलं, असं मी धाकटीला विचारलं. तिची शुगर निघाली तेव्हा, एरंडोलला, त्या आठवड्यात. बघा म्हणजे. माझा आजार, माझी आखाजी, आणि मायनं ते सांगितलं तिला. माझा जळफळाट कुठल्या थराला गेला ते सांगून उपयोग नाही. आजार तरी माझा एकटीचा आहे असं मला वाटायचं.

घाम यायला लागला होता. धुळ्यात त्या दिवसांत सगळ्यांनाच घाम येतो, चूल शेजारी, त्यामुळे आधी कळलं नाही. मग बोटं थरथरायला लागली. ही थरथर मी ओळखते. मी उठून मायसमोर जाऊन बसले, तिच्या गुडघ्याला धरलं.

"माय, तुझ्या मांड्यानं नव्हतं झालं ते," मी म्हणाले. "मी आधीच आजारी होते, म्हणूनच वाळले होते. कुणी काही खाऊ घातलं नसतं तरी झालंच असतं. आणि आता मी टोचून बसलेय. आता तू नाही वाढलंस, तर मी पडेन."

तिनं माझा हात हातात घेतला. तो गार होता, ओला होता, थरथरत होता. तिनं असे हात माझ्या लहानपणी कितीदा धरलेत, साखर खाली गेली की काय होतं ते तिला सांगावं लागत नाही.

"मीच वाढू का तुले?" तिनं विचारलं. इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं.

मी मान हलवली.

माझ्यासाठी मांडा केलेलाच नव्हता. माय उठली, घागरीपाशी गेली आणि आबांचं पान उचलून घेऊन आली. विस्तवात आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकून झाली होती, तो त्यांना पोहोचला होता, त्यामुळे ते पान घ्यायला हरकत नव्हती. पण आमच्या घरात ते कुणाला द्यायचं हे नेहमी मायच ठरवायची, आणि ते मला कधी मिळालं नव्हतं. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं, स्वतः जमिनीवर बसली, दुखऱ्या हातानं मांड्याचा तुकडा मोडला आणि रसात बुडवला. तो हात माझ्या तोंडाशी आला आणि तिथेच थांबला. रस तिच्या मनगटावरून ओघळायला लागला.

मग तिनं तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

ती चावत राहिली, माझ्याकडे बघत. गिळला. थोडा वेळ तशीच बसली, काही होतंय का ते बघत असल्यासारखी. काही झालं नाही. मग तिनं दुसरा तुकडा मोडला, रसात बुडवला आणि मला भरवला. पुरणात वेलदोडा होता. मायच्या पुरणात वेलदोडा असतो हे मी विसरून गेले होते.

धाकटी रडायला लागली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. मी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.